कॅनडाच्या माळावरील कायोटी

निपाणीच्या शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. कॅनडाचा प्रेअरी प्रदेश दरसाल एकदा तरी फळ्यावर काढावा लागे. आणि गहू, गुरे, लोहमार्ग व कडक हिवाळा एवढ्या चार शब्दांत तो आटोपत असे. त्यांपैकी हिवाळा या शब्दाचा अर्थ मला सेवानिवृत्तीनंतर, गेल्या जानेवारीत समजला.

माझी धाकटी कन्या तिकडे सस्काचेवान प्रांतातील एका लहान गावी रुग्णालयात परिचारिका आहे. तिला सुटी मिळेना, तेव्हा मीच निघालो. रेजायनाच्या विमानतळावर ती हातात एक जाड कोट घेऊन उभी होती. माझ्या अंगावर बेळगावच्या बाजारात घेतलेला लोकरी कोट होता व त्याचा मला थोडा अभिमानही होता. बाहेरचे तपमान शून्याखाली २९ अंश होते. दाराबाहेर दहा पावले टाकली नाहीत तोच नाकातील ओलावा गोठून आत काटे टोचू लागले, आणि माझा अभिमान तेथेच गळून पडला. "बाबा, हा घाला, आणि टोपी पुढे ओढून घ्या," असे म्हणून तिने तो कोट माझ्या अंगावर चढवला.

त्या कोटाच्या टोपीच्या कडेने दाट केसांची एक रुंद पट्टी शिवलेली होती. टोपी पुढे ओढताच वारा जणू चेहऱ्यापाशी येऊन थबकला. केसांची लांबी एकसारखी नसल्यामुळे वारा त्यांत अडकून फुटतो आणि तोंडापुढे श्वासाने उबलेली थोडीशी हवा टिकून राहते, हे कारण मला मागाहून कळले. त्या वेळी एवढेच जाणवले की माझे गाल परत माझे झाले. केस मुळाशी राखी, मध्ये फिकट पिवळसर आणि टोकाला काळे होते. गाडीत बसल्यावर मी विचारले, "हे केस कशाचे गं?"

"कायोटीचे. आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद म्हणा. जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला मी हा कोट; नवा परवडला नसता."

पुढे चार तासांची वाट होती. दोहो बाजूंस पांढरा माळ आणि मधून मधून धान्याची उंच कोठारे, याखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. मी त्या पट्टीवरून बोटे फिरवीत बसलो. ज्या प्राण्याने मला या प्रदेशात प्रथम आसरा दिला, तो मी अद्याप पाहिलाही नव्हता.

कायोटी हा शब्द मेक्सिकोतील आझ्टेक लोकांच्या नाहुआतल भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. सस्काचेवानचे शेतकरी मात्र शेवटचा स्वर गिळून 'कायोट' म्हणतात. 'कायोटी' म्हणणारा मनुष्य सिनेमे पाहून आला आहे असे ते समजतात. हा प्राणी आपल्या कोल्ह्याहून मोठा व लांडग्याहून लहान. वजन साधारणपणे १० ते २० किलो. टॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याला 'कॅनिस लॅट्रन्स', म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे शास्त्रीय नाव दिले. उंदीर, ससे, जमिनीतील खारी, टोळ, रानफळे, मेलेली गुरे आणि संधी मिळाल्यास एखादे कोकरू, असा त्याचा आहार. म्हणजे पंचतंत्रातील करटक-दमनकांच्या कुळात तो शोभून दिसेल. तिकडील मूलनिवासी लोकांच्या कथांतही तो तसाच आहे: धूर्त, खादाड, पुन्हा पुन्हा फजीत होणारा आणि तरीही न मरणारा. नाव्हाहो लोकांत तर या कायोटीच्या कथा केवळ हिवाळ्यातच सांगाव्यात असा दंडक आहे.

न मरणारा, हे नुसत्या कथेपुरते खरे नाही. गोरा मनुष्य आला तेव्हा हा प्राणी खंडाच्या मध्य व पश्चिम भागांतील मोकळ्या माळांवर आणि वाळवंटांत राहत असे. त्याला गोळ्या घातल्या, सापळे लावले, विष चारले. आणि आज तो अलास्कापासून पनामापर्यंत पसरला असून शिकागोसारख्या महानगरातही सुखाने नांदतो. जेथे त्याची संख्या विरळ होते तेथे उरलेल्यांना अन्न अधिक मिळते, माद्यांना पिले अधिक होतात व अधिक जगतात. लांडग्याला हे साधले नाही. प्रेअरीवरून तो नाहीसा झाला, आणि त्याची रिकामी जागा कायोटीने घेतली.

पहिल्याच रात्री मी त्यांचा आवाज ऐकला. प्रथम एक लांब, चढत जाणारा सूर, मग भुंकणे, मग एकाएकी दहा-पंधरा जनावरे एकमेकांवर तुटून पडावीत असा कल्लोळ. कन्या म्हणाली, "दोन किंवा तीनच असतील, त्यांचे सूर असे काही फिरतात की फौज वाटते." लहानपणी उसाच्या फडातून येणारी कोल्हेकुई ऐकून मी आजीच्या पदरात शिरत असे. त्या आवाजाशी याचे इतके नाते होते की सातासमुद्रांपलीकडील त्या अंधारात मला क्षणभर वेदगंगेच्या काठचा वास आला.

कन्या ज्या घरात भाड्याने राहते ते एका शेतावर आहे. घरमालक शेजारच्याच घरात राहतात. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, पाठ ताठ आहे आणि बोलणे फार थोडे. पूर्वी त्यांची मेंढरे होती. आता गुरे आहेत. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण आपल्याविषयी कोणी छापील मजकूर लिहावा हे त्यांना मुळीच रुचणार नाही. माझ्या कोटाची टोपी पाहताच ते जवळ आले, पट्टीवर हलकेच फुंकर मारून त्यांनी केस विलग केले, आतील लव पाहिली, आणि म्हणाले, "चांगले आहे. डिसेंबरचे." मनुष्याच्या आधी कातड्याची चौकशी करणारा हा पहिलाच गृहस्थ मी पाहिला. मला वाटते, आमची ओळख तेथेच जुळली.

त्यांच्या अंगणातून दक्षिणेस क्षितिजावर एक निळसर काळी रेघ दिसते. त्या सायप्रस टेकड्या. रॉकी पर्वत आणि पूर्वेकडील लॅब्राडोर यांच्या दरम्यान एवढी उंच भूमी दुसरी नाही. सस्काचेवानचे सर्वांत उंच स्थळही तेथेच, १,३०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. हिमयुगात सभोवारचा सगळा प्रदेश बर्फाच्या थराखाली असताना या टेकड्यांचे माथे बेटासारखे वर राहिले. गंमत अशी की तेथे सायप्रसचे एकही झाड नाही. पाइन वृक्षांना जुने फ्रेंच प्रवासी जे नाव देत, त्याच्या चुकीच्या भाषांतरातून हे नाव पडले व कायम झाले. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत अशा चुका कमी नसतात. पण नकाशावर बसलेली चूक सहसा हलत नाही.

घरमालकांनी एका दुपारी मला तिकडे नेले. फोर्ट वॉल्श नावाचा जुना किल्ला आता राष्ट्रीय स्मारक असून हिवाळ्यात बंद असतो. त्यामुळे आम्ही गाडीतूनच परिसर पाहिला. परंतु कातड्याच्या व्यापाराची जी हकीकत त्यांनी गाडीत बसून सांगितली, ती मी घरी येऊन पुस्तकांत पडताळून पाहिली आणि ती खरी निघाली.

या खंडाचा अर्धाअधिक इतिहास कातड्यांवर लिहिला गेला आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २ मे १६७० रोजी हडसन्स बे कंपनीला सनद दिली ती बीव्हरच्या कातड्यांसाठी. युरोपात त्यांच्या केसांच्या टोप्या होत असत. आपल्याकडे जशी एक कंपनी मसाल्यांच्या वासाने आली व राज्य करून बसली, तशीच ही केसांच्या मागे आली. बीव्हर पाण्यात, इकडे कोरड्या माळावर रानगवे व लांडगे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मोंटाना भागातून लांडगेमारांच्या टोळ्या येथे येऊ लागल्या. त्यांना बंदुकीचीही फारशी आवश्यकता नसे. एक गवा मारावयाचा, त्याच्या मांसात स्ट्रिक्नीन हे विष मिसळावयाचे आणि सकाळी येऊन आजूबाजूस ताठ होऊन पडलेले लांडगे व कायोटी गोळा करावयाचे. त्याच मांसाने मूलनिवासी लोकांची कुत्रीही मरत, आणि ती कुत्री म्हणजे त्यांची ओझी वाहणारी जनावरे. अर्थात वैर वाढले.

१ जून १८७३ रोजी अशाच एका टोळीने, घोडे चोरीस गेल्याच्या रागात आणि दारूच्या नशेत, या टेकड्यांतील बॅटल क्रीकच्या काठी नाकोडा लोकांच्या तळावर गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मारली गेली. १८७६ साली विनिपेगला काहींवर खटला झाला, पण पुराव्याअभावी ते सुटले. कॅनडाने पश्चिमेसाठी घोडेस्वार पोलीस दल उभारण्याचे ठरवले होतेच; या वार्तेने त्याला घाई झाली. १८७४ मध्ये ते दल माळ तुडवीत पश्चिमेस निघाले आणि १८७५ मध्ये त्यांनी फोर्ट वॉल्श बांधला. लाल डगल्यातील ज्या पोलिसाचे चित्र आज कॅनडाच्या प्रत्येक स्मरणवस्तूवर असते, त्याच्या पश्चिमेकडील पहिल्या वाटचालीमागे लांडग्याच्या कातड्यांचा हा व्यापार आहे.

"म्हणून मी विष कधी वापरले नाही," घरमालक गाडी वळवताना म्हणाले. पुष्कळ वेळ गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "वडील वापरीत." त्यापुढे घर येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी त्यांनी विचारले, पहाटे बरोबर येता काय? मी 'हो' म्हटले खरे, परंतु रात्रभर मला झोप आली नाही. मी मांसाहारी आहे. नाताळला घरी डुकराचे मांस शिजते व ते मी आवडीने खातो. तेव्हा प्राणी मरताना पाहण्याचे भय हा दांभिकपणाच, असे मी स्वतःस समजावीत होतो. पण जे खावयाचे नाही असे काही मारावयाचे, हा विचार निराळा होता.

सकाळी सातला अद्याप काळोख होता. त्या अक्षांशावर जानेवारीत सूर्य नऊच्या सुमारास उगवतो. गाडी एका खोलगट जागी, दिसू नये अशी उभी केली. दारे आपटू दिली नाहीत. अर्धा मैल बर्फातून चालून आम्ही कुंपणाच्या एका जुन्या खांबाला टेकून बसलो. वारा समोरून यावा अशी ती जागा होती. पन्नास-साठ पावलांवर त्यांनी एक लहानसे यंत्र ठेवले, आणि थोडे उजाडताच त्यातून जखमी सशाचा टाहो बाहेर पडू लागला. तो आवाज फार वाईट आहे. तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा आहे. पहिल्या ठिकाणी वीस मिनिटे बसून काही आले नाही. त्या थंडीत वीस मिनिटे म्हणजे माझ्या एका तासिकेहून किती तरी मोठी.

दुसऱ्या ठिकाणी सूर्य वर आला होता. त्याच्या दोहो बाजूंस दोन फिकट प्रतिसूर्य दिसत होते; हवेतील हिमकणांमुळे तसे घडते. मी ते पाहत होतो, आणि घरमालकांनी केवळ एक बोट हलवले. समोरच्या उतारावर एक कायोटी उभा होता. तो कधी आला हे मला कळले नाही. माळाचाच एक तुकडा वेगळा होऊन चालू लागावा तसा तो वाटला. तो सरळ आवाजाकडे आला नाही. मोठा वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊ लागला. गंध मिळाल्यावाचून तो कशावर विश्वास ठेवीत नाही. चालता चालता तो एकदा थांबला व आमच्या दिशेने पाहू लागला. कान मोठे, छाती पांढरट, आणि अंगावर माझ्या टोपीवरचेच केस. बंदुकीचा आवाज मला अपेक्षेहून लहान वाटला. तो जागच्या जागी खाली बसला, एवढेच दिसले.

ती मादी होती. गोळीचे छिद्र करंगळीच्या नखाएवढेही नव्हते. कातडे फाटू नये म्हणून बंदूक मुद्दाम लहान गोळीची घेतात. घरमालकांनी हातमोजा काढून तिच्या मानेखाली हात घातला व थोडा वेळ तसाच ठेवला. कशासाठी, ते मी विचारले नाही. हात गरम करण्यासाठीही असेल.

यापुढील काम कोठीत झाले, आणि येथे मला जे पाहावयास मिळाले ते सविस्तर सांगितले पाहिजे. निपाणीस असताना शाळेची मुले घेऊन मी अनेकदा अथणीस चपला बनवणाऱ्यांकडे गेलो आहे. कातडे चुन्यात भिजवून त्यावरील केस सैल करणे, खरवडणे, मग बाभळीची साल व हिरडा यांत ते कमावणे, हे सारे मी पाहिलेले आहे. तेथे केस हा कचरा असतो. येथे सगळा खटाटोप केसांसाठी. तरी हात तेच. सुरीला धार लावून अंगठ्यावर पाहण्याची रीतही तीच.

जनावर अंगात ऊब असतानाच सोलावे लागते; थंड झाले की कातडे मांसाला धरून बसते. हातमोजे घालणे आवश्यक, कारण कायोटीच्या पोटात एक फीतकृमी असतो आणि त्याची अंडी मनुष्याच्या पोटात गेल्यास यकृतात गाठी होतात. मागील पायांनी जनावर टांगले. एका टाचेपासून मांडीच्या आतील बाजूने गुदद्वारापर्यंत व तेथून दुसऱ्या टाचेपर्यंत, असा एकच काप. पोट फाडावयाचे नाही. शेपटीच्या मुळाशी थोडे मोकळे करून दोन लाकडी पट्ट्यांत हाड धरले व एक हिसका दिला. शेपटी हाडावरून म्यानासारखी निघून आली. मग दोन्ही मुठींनी कातडे खाली ओढावयाचे. लहान मुलाच्या अंगातून ओले झबले डोक्यावरून काढतात ना, तसे ते उलटे होत खाली येते. पुढील पाय बाह्यांतून हात काढावे तसे निघतात.

मानेपर्यंतचे काम दहा मिनिटांत झाले. डोक्याला त्याहून अधिक वेळ लागला. कानाचे कूर्चे कवटीलगत कापावे लागतात. डोळ्यांपाशी तर घरमालकांनी श्वासही रोखून धरला होता, कारण सुरी केसभर इकडे-तिकडे झाली की डोळ्यांची भोके मोठी होऊन कातड्याचा दर्जा उतरतो. पापण्या कातड्याबरोबर आल्या, पापण्यांचे केसही. ओठांची काळी कड, शेवटी नाक. आणि मग कातडे त्यांच्या हातात होते व खाली टांगलेले जे उरले ते इतके लहान व रोड होते की मला खरे वाटेना. एवढा डौल सारा केसांचाच होता.

त्यांनी थंड पाण्याने रक्त धुतले, केसांतील काटे व बोंडे फणीने काढली. नंतर एका उतरत्या गोल लाकडावर कातडे चढवून दोन मुठींच्या सुरीने आतील चरबी व मांसाचा पापुद्रा खरवडला. आतील बाजू मलईसारखी पांढरी होती. "हेच पाहावे लागते," ते म्हणाले. नोव्हेंबरपूर्वी मारले तर ही बाजू निळसर काळी असते, म्हणजे केसांची वाढ अद्याप चालू असते. फेब्रुवारी उलटला की विणीचा काळ येतो आणि मानेचे केस घासून झडू लागतात. वर्षातून तीन महिनेच काय ते कातडे कातडे असते. खरवडून झाल्यावर ते टोकदार फळीवर, केस आत व चामडी बाहेर असे ताणून बसवले. दुसऱ्या दिवशी, चामडी पुरती कडक होण्याआधी, ते उलटून केस बाहेर काढावयाचे. घटका चुकली तर ते उलटता उलटता फाटते. शेगडीजवळ ठेवावयाचे नाही. घाई कोठेही करावयाची नाही. कमावण्याचे काम त्यांचे नाही. असे सुकवलेले कच्चे कातडेच लिलावाला जाते. तेथे पारखी माणसे एकसारख्या प्रकाशात, आकार, रंग व लवेची घनता पाहून त्यांचे गट पाडतात. सस्काचेवान, आल्बर्टा, मोंटाना येथील फिकट व दाट कातड्यांना पूर्वीपासून अधिक मान. उष्ण दक्षिणेतील कायोटीचे केस विरळ असतात.

"याचे काय येईल?" मी विचारले.

त्यांनी उत्तर देण्यापूर्वी हात धुतले. आठ-दहा वर्षांमागे अशा कातड्याला शंभर डॉलर सहज मिळत. कधी त्याहूनही अधिक. थंडीच्या कोटांच्या टोप्यांना ही पट्टी लावण्याची जगभर टूम निघाली होती. माझ्या कन्येचा कोट त्याच काळातला. मग २०१९ मध्ये टोराँटोचे मोठे लिलावघर, ज्याची परंपरा थेट हडसन्स बे कंपनीच्या फर-विक्रीशी पोहोचत होती, कर्जात बुडाले. प्राणिमित्रांचा विरोध वाढत होताच. कॅलिफोर्नियाने नवे फर विकण्यास २०२३ पासून बंदी केली. या पट्टीसाठी प्रसिद्ध असलेल्या 'कॅनडा गूस' कंपनीने २०२१ साली जाहीर केले की त्या वर्षाअखेर आपण फर विकत घेणे थांबवू व २०२२ अखेर ते वापरणेही. २०२५ च्या जूनमध्ये हडसन्स बे कंपनीची उरलीसुरली दुकानेही मिटली. त्या दुकानांत तोवर रजया व भांडीकुंडीच अधिक होती, पण नाव तेच होते, ३५५ वर्षांचे. आता आँटारियो प्रांतातील नॉर्थ बे येथे एक लिलाव होतो. तेथे वसंतात हे कातडे जाईल. पेट्रोलचा खर्च निघाला तरी पुरे.

मी म्हणालो, "म्हणजे आता कायोटी वाचतील."

त्यांनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाकडे मी कसे पाहत असे ते मला उमगले. मारणे थांबलेले नाही, ते म्हणाले. गाईंच्या विणीच्या वेळी वासरांपाशी घोटाळणारा कायोटी शेतकरी मारणारच. २००९ च्या हिवाळ्यात प्रांतिक सरकारने प्रत्येक कायोटीमागे २० डॉलर इनाम लावले. पुरावा म्हणून चार पंजे आणून द्यावयाचे. मार्च २०१० पर्यंत सत्तर हजारांहून अधिक जनावरांचे पंजे आले. पंजे कापलेले धड पुष्कळांनी माळावरच टाकले. सीमेपलीकडे अमेरिकेत सरकारी खातेच दरसाल पन्नास हजारांहून अधिक कायोटी मारते. त्यांचे कातडे कोणी सोलीत बसत नाही. "कातड्याला भाव होता तेव्हा आम्ही नोव्हेंबरपर्यंत थांबत असू. जूनमध्ये कोणी मारले तर म्हातारे रागे भरत: पिले बिळात आहेत, आणि कातडे फुकट. आता जूनमध्येही मारतात. रस्त्याकडेच्या चरात फेकतात." एवढे लांब बोलणे मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी ऐकले नव्हते आणि नंतरही ऐकले नाही.

मेंढरे असताना एका वसंतात त्यांची पुष्कळ कोकरे गेली होती, हे मला त्यांच्या पत्नीने सांगितले. काही शेजाऱ्यांनी पुढे मोठे पांढरे राखणदार कुत्रे ठेवले; त्यांची मेंढरे टिकली. यांनी मेंढरेच विकली. आपल्याकडील धनगरांचे कुत्रे व लांडगे यांची गोष्ट मी त्यांना सांगितली. रात्री उघड्यावर कळप बसवून भोवताली जागत राहणारी माणसे आजही आहेत, हे ऐकून त्यांना नवल वाटले. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे हेही मी थोड्या तोऱ्याने सांगितले. मग माझे मलाच आठवले की जत्रेत 'कोल्ह्याचे शिंग' म्हणून केसाळ गाठी विकणारे अजूनही भेटतात, त्या घेणारे सुशिक्षित असतात, आणि त्यासाठीही कोल्हे मारले जातात. तेव्हा तोरा मी आवरता घेतला.

संध्याकाळी माळावर टाकलेल्या त्या रोड धडाभोवती काळे-पांढरे मॅगपाय पक्षी जमले होते. सकाळपर्यंत तेथे बर्फावर थोडासा गुलाबी डाग उरला.

रात्री कन्येशी बोलणे झाले. तिच्याबरोबर काम करणाऱ्या काही तरुण परिचारिका तिच्या कोटाची पट्टी पाहून नाके मुरडतात. त्यांच्या टोप्यांना कृत्रिम धाग्यांचे केस असतात. ते खनिज तेलापासून बनतात व ओले झाले की गोठून चिकटतात. "मी तरी काय करू, बाबा? हा प्राणी तर केव्हाच मेलेला आहे. पट्टी काढून टाकली तर तो परत उभा राहणार आहे काय?" मी भूगोलाचा शिक्षक, याचे उत्तर माझ्या विषयात येत नाही. आणि ते ज्याच्या विषयात येते असा कोणी मला त्या मुक्कामात तरी भेटला नाही. मी एवढेच म्हटले की पट्टी काढू नकोस, आणि नवीही घेऊ नकोस. ती हसली, नवी आता मिळते कोठे?

निघण्याच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यावयास गेलो. घरमालक कोठीतच होते. ते कातडे आता पुरे सुकले होते. केस बाहेर, शेपटी लांब, मानेवर ती काळी टोके आणि त्याखाली साखरेच्या पाकासारखा फिकट रंग. त्यांनी ब्रश फिरवून ते माझ्यापुढे धरले व म्हणाले, "न्या. तुम्ही त्या वेळी होता." मी त्यांना सांगितले की आमच्या गावी जानेवारीतही दुपारी पंखा लावावा लागतो. ते प्रथमच मोठ्याने हसले. मग त्यांनी कातड्यावर एक फुंकर मारली, लव पुन्हा एकदा पाहिली, आणि ते नाकाकडून खिळ्यावर अडकवले. त्या भिंतीवर तशी आणखी अकरा होती.